पाण्याखालचा गोंगाट मोजताना

माझी भाची प्राणिशास्त्रात पीएच.डी. करते. बोटींच्या आवाजानं कोकण किनाऱ्यावरच्या डॉल्फिनच्या वागण्यात काय फरक पडतो, हा तिचा विषय. कोल्हापुरात राहून समुद्राचा विषय कशाला, असं घरातल्या सगळ्यांनी तिला विचारून झालं होतं. मी विचारलं नाही. ती माझ्याकडे आवाजाचं काम घेऊन आली होती आणि आवाजावरच माझं पोट आहे. शाहूपुरीत माझं स्पीकर-ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याआधी बारा वर्षं मी गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बी लावायचो. कोल्हापुरात डॉल्बी म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

"मामा, पाण्यात बुडवता येईल असा माईक करून द्याल?" तिनं विचारलं. विकतचा हायड्रोफोन तिच्या फेलोशिपच्या पैशांत जेमतेम एक बसत होता आणि तिला तीन हवे होते.

वाचायला म्हणून तिनं काही पानं आणली होती. त्यात मोठ्या मालवाहू जहाजाचा आवाज १८० डेसिबलच्या आसपास दिलेला. मी पानं बाजूला ठेवली आणि म्हटलं, हे कुणीतरी चुकीचं छापलंय. मिरवणुकीत पोलिसांच्या मीटरवर १०० चा आकडा आला की छातीत धडधडतं, काचा थरथरतात. १८० ला माणूस उभा राहणार नाही.

तिनं कागद ओढला आणि मला गणित घातलं. डेसिबल हा नुसता आकडा नसतो, तो कशाच्या तुलनेत हे आधी बघायचं. हवेत २० मायक्रोपास्कल दाबाशी तुलना करतात, पाण्यात १ मायक्रोपास्कलशी. तिथंच २६ चा फरक पडला. शिवाय पाणी हवेपेक्षा कितीतरी घट्ट, त्यामुळं तेवढीच ऊर्जा वाहून न्यायला पाण्यात दाब जास्त चढतो, त्याचे आणखी ३६. म्हणजे पाण्यातल्या आकड्यातून सुमारे ६२ वजा केले की हवेतल्या आकड्याचा अंदाज येतो. १८० चे ११८ झाले. मिरवणुकीतल्या बेसच्या भिंतीला चिकटून उभं राहिल्यासारखं. ते मला लगेच कळलं.

"पण हीपण वजाबाकी प्राण्याला लावायची नाही," ती म्हणाली. आपलं मीटर माणसाच्या कानाच्या हिशेबानं बेतलेलं असतं. खालचे आवाज ते मुद्दाम कमी धरतं, कारण आपला कान ते कमी ऐकतो. डॉल्फिनचा कान वेगळा. आवाज त्याच्या खालच्या जबड्यातल्या चरबीतून आतल्या कानापर्यंत पोचतो आणि आपल्याला जे अजिबात ऐकू येत नाही, ते त्याला सगळ्यात स्पष्ट ऐकू येतं. मोठ्या देवमाशांचं उलट, त्यांचा सगळा व्यवहार खालच्या पट्टीत. एकच जहाज एकाच्या कानाशी बसलेलं असतं आणि दुसऱ्याला लांबचं वाटतं. पंचवीस वर्षं ज्या मीटरवर मी विश्वास ठेवला, त्यात कुणाचा कान बसवलाय हा प्रश्न मला त्या दिवसापर्यंत पडलाच नव्हता.

हायड्रोफोनचा जीव म्हणजे पीझोची नळी. दाबली की वीज तयार होते, बझरमध्ये असते तीच जात. तिच्या शेजारीच सिग्नल वाढवणारा बारका प्री-ॲम्प लावायचा, कारण लांब केबलमधून कच्चा सिग्नल आणला तर वाटेत सगळी घरघर गोळा होते. एवढं मला येत होतं. अडलं ते पुढं. ही नळी पाण्यापासून वाचवायची, पण आवाजापासून वाचवायची नाही. रबरी टोपण घालून आत हवा राहिली तर आवाज त्या हवेवर आपटून परत जातो. म्हणून आत असं काहीतरी भरायचं, ज्यातून आवाज पाण्यातून जावा तसाच जाईल आणि वीज मात्र वाहणार नाही. भाचीनं वाचून काढलं होतं: एरंडेल तेल. पाणबुड्यांच्या सोनार यंत्रांमध्येसुद्धा हेच वापरत आलेत, हे ऐकून मला बरं वाटलं. तेलघाण्यावरून लिटरभर आणलं.

तेल ओतलं की बारीक बुडबुडे राहतात. डोळ्याला दिसतही नाहीत. त्यासाठी शेजारच्या फ्रिजवाल्याकडून व्हॅक्यूम पंप आणला. काचेच्या बरणीत तेल ठेवून पंप सुरू केला. आधी काहीच नाही. मग तळातून एक-दोन थेंबाएवढे बुडबुडे सुटले आणि बघता बघता सगळं तेल दूध उतू यावं तसं फसफसून वर आलं, फेस बरणीच्या गळ्यापर्यंत. हातभर अंतरावरून आम्ही दोघं बघत होतो. वीसेक मिनिटांनी फेस बसला आणि खाली तेल असं नितळ राहिलं की बरणीमागचं कॅलेंडर वाचता यावं. ते तेल भरून ओ-रिंगला ग्रीस लावून मी पहिलं टोपण आवळलं, तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते.

चाचणीला आधी गावाकडच्या विहिरीत सोडला. चूक केली. विहिरीच्या भिंतीवरून आवाज इतका घुमतो की मूळ कुठला आणि परतलेला कुठला, कळत नाही. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर पळतो, हवेच्या चौपटीहून जास्त. विहिरीच्या एका भिंतीवरून दुसरीवर पोचायला त्याला कितीसा वेळ लागणार? मोकळं पाणी हवं होतं. म्हणून रंकाळा.

पहाटे पाचला शालिनी पॅलेसच्या बाजूनं गेलो. पाण्यावर धुकं. वरून सगळं गप्प. हेडफोन लावला आणि मी तो काढून पुन्हा लावला, कारण मला वाटलं प्री-ॲम्प बिघडलाय. सारखी किरकिर, मध्येच टकटक, मध्येच घासल्यासारखं काहीतरी. भाची म्हणाली, ते पाणकिडे. काही जातींचे नर पाण्याखाली गातात, त्यातले काही तांदळाच्या दाण्याहून लहान. मग पायऱ्यांवर कुणीतरी फिरायला आलं, त्याच्या चपलेचं प्रत्येक पाऊल दगडातून पाण्यात उतरलं. पलीकडच्या रस्त्यावरून एक जड गाडी गेली तेव्हा तिची घुमणारी धडधड कानात आधी पाण्यातून आली. चाळीस वर्षं मी रंकाळ्यावर फिरायला जातोय. त्या पाण्याला आतून एवढा आवाज आहे हे कधी मनातही आलं नव्हतं.

एका संशोधन संस्थेकडून तपासलेला, प्रमाणित हायड्रोफोन महिन्याभरासाठी मागून आणला होता. तो आणि आमचा शेजारी शेजारी बांधून, दोघांना एकच आवाज ऐकवून, प्रत्येक पट्टीत आमचा किती कमी किंवा जास्त ऐकतो याचा तक्ता केला. तीनपैकी दोन नीट निघाले. तिसऱ्यात कुठंतरी बुडबुडा राहिला होता. तो फोडून पुन्हा भरला.

पहिल्या फेरीला गगनबावड्याच्या घाटातून उतरून देवगडकडे गेलो. एक तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य, तयार झाला, त्याच्या होडीतून निघालो. दीड तासात डॉल्फिन दिसले, सात-आठ होते. राखाडी अंग, पाठीवर लांबट उंचवटा आणि त्यावर बारका पर. किनाऱ्याला धरून उथळ पाण्यात राहणारी ही जात, म्हणूनच माणसाच्या बोटी सगळ्यात जास्त हिच्याच वाट्याला येतात. जागतिक यादीत तिची नोंद धोक्यात आलेल्या प्राण्यांत आहे आणि आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तिला सगळ्यात वरचं संरक्षण आहे. माझ्या मनात त्या वेळी एवढंच होतं की मिळाले एकदाचे. तांडेलकाकांना म्हटलं, जवळ घ्या.

इंजिन बंद केलं, हायड्रोफोन सोडला. पहिल्यांदा कानावर आला तो कडकडाट. खाली खडकात एक बारकी कोळंबी असते, ती नांगी इतक्या जोरात मिटते की पाण्यात बुडबुडा होऊन फुटतो, त्याचा तो आवाज. हजारोंनी असतात, म्हणून लाह्या भाजताना तडतडतात तसं अखंड. त्यावर होडीच्या बुडाला लाटांच्या चापट्या. त्यावर प्रवाहात ताणलेल्या केबलची झणझण. आणि या सगळ्याच्या मागं, एकदाच, चढून उतरणारी लांब शीळ. दुसरी आली नाही. डॉल्फिन तोवर निघून गेले होते.

त्या दिवशी आम्ही चार वेळा त्यांच्या मागं गेलो. संध्याकाळी भाचीनं वहीत त्या दिवसाच्या पानावर आडवी रेघ मारली. "मामा, हे सगळं आपल्याच होडीचं मोजमाप झालं." मला वाईट वाटलं, राग पण आला, डिझेलचे पैसे डोळ्यापुढं होते. पण ती बरोबर होती. ज्याच्या वागण्यावर आवाजाचा परिणाम बघायचा, त्याच्या डोक्यावर आवाज करत जाऊन उभं राहिल्यावर काय दिसणार?

तांडेलकाकांनी त्याच दिवशी परतताना इंजिन बंद करून मला वल्हं दिलं होतं. "वल्ह्याक कान लाव आणि गप रव." पाण्यात सोडलेल्या वल्ह्याच्या दांड्याला कान लावला तर खालून बेडूक डरावल्यासारखं बारीक, एका सुरात. मासे. ढोम्याच्या कुळातले मासे पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून आवाज काढतात, संध्याकाळी जास्त. वीस हजारांचं यंत्र शेजारी पडलं होतं आणि मी लाकडाला कान लावून बसलो होतो.

मग पद्धत बदलली. होडी नको, किनाऱ्यावरूनच बघायचं. समुद्रावर झुकलेल्या एका सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, टोकावर जागा शोधली. तिथून थिओडोलाइटनं, म्हणजे मोजणीवाल्यांच्या कोन मोजायच्या दुर्बिणीनं, डॉल्फिनवर नेम धरायचा. आपण किती उंचावर आहोत हे माहीत असलं आणि नजर किती अंशांनी खाली वळवावी लागली हे मोजलं, की तो किती लांब आहे ते गणितानं निघतं. डॉल्फिनला कळतही नाही. ही पद्धत जगभर वापरतात. आमच्याकडे थिओडोलाइट चालवणारा माणूस घरातच होता: माझे दाजी, भाचीचे वडील. पाटबंधारे खात्यात आयुष्यभर कालव्यांची मोजणी केलेले. निवृत्तीनंतर दिवसभर पेपर वाचत बसायचे. सड्यावर तिकाटणं रोवून त्यांनी नळीला डोळा लावला आणि त्या दिवसापासून माझ्या बहिणीला ते घरी सापडेनात.

पहिली अडचण दाजींनीच काढली. "उंची कुठून धरलीस?" त्यांनी लेकीला विचारलं. "समुद्रसपाटीपासून." "आणि समुद्र एका जागी थांबतो व्हय?" भरती-ओहोटीनं पाणी मीटर-दोन मीटर वरखाली होतं. तीस मीटर उंचीवरून किलोमीटरभर लांबचा डॉल्फिन बघताना उंचीत एक मीटर चूक झाली, तर अंतरात तेहतीस मीटर चुकतं. उधाणाला तर आणखी. मग दर पंधरा मिनिटांनी पाण्याची पातळी बघून उंची बदलायची, असं ठरलं. खाली खडकावर रंगाच्या खुणा केल्या.

आवाज टिपायला रेकॉर्डर तळाशी ठेवला. वर होडी नाही, माणूस नाही. साधा रेकॉर्डर चालत नाही. डॉल्फिन शीळ घालतो ती आपल्याला ऐकू येते, पण तो वाट आणि मासा शोधायला जे टिकटिक सोडतो ते एक लाख हर्ट्झच्याही वर जातं, आणि जेवढा वरचा आवाज टिपायचा त्याच्या दुपटीहून जास्त वेळा दर सेकंदाला नमुना घ्यावा लागतो. त्यामुळं दिवसाभरात कार्ड भरून जायचं. रेकॉर्डर ठेवायच्या परवानगीला किती महिने गेले, किती वेळा एकच कागद मागितला गेला, ते आता उगाळत नाही. मोसमाचा अर्धा भाग त्यात गेला, आणि डॉल्फिन बघायचे मोसम आधीच थोडके.

वर सड्यावर दर पाच मिनिटांनी नोंद. गटात किती आहेत, पिल्लू आहे का, एकमेकांपासून किती लांब, कुणीकडे चाललेत, खातायत की नुसते फिरतायत, श्वासाला वर येण्यात किती वेळ गेला, किती बोटी आणि कुठं. नोंद करणाऱ्यानं "घाबरले", "वैतागले" असं लिहायचं नाही. दिसलं तेवढंच. समुद्रावर पांढरी फेसाची टोकं वाढली की काम बंद, कारण मग डॉल्फिन नाहीत की दिसत नाहीत हे सांगता येत नाही.

अकरा दिवसांच्या नोंदी घेऊन आम्ही कोल्हापूरला आलो आणि दुकानाच्या वरच्या खोलीत आवाजाच्या आलेखाशेजारी वागण्याच्या नोंदी लावल्या. पदरी काय पडलं? बोट येते, आवाज टिपेला जातो, डॉल्फिन आपले सरळ चाललेत. बोट निघून गेल्यावर चार-पाच मिनिटांनी दिशा बदलतायत. म्हणजे बोटीशी त्यांचा काही संबंध नाही. मी म्हटलं, चला, त्रास होत नाही म्हणायचं. मला मनातून ते हवंही होतं. भाची काही बोलली नाही. तिनं पुन्हा पुन्हा तीच दुपार काढली आणि मध्यरात्री म्हणाली, "मामा, बोटसुद्धा उशिरा जातेय." दाजींनी थिओडोलाइटनं बोटींच्याही जागा घेतल्या होत्या. त्यांच्या वहीप्रमाणे बोट रेकॉर्डरच्या सगळ्यात जवळ आली ९ वाजून २५ मिनिटांनी. रेकॉर्डरमध्ये आवाज टिपेला होता ९ वाजून २० ला. बोट पोचायच्या पाच मिनिटं आधी तिचा आवाज टिपेला कसा जाईल?

दाजींचं घड्याळ. नोकरीत होते तेव्हापासून ते पाच मिनिटं पुढं ठेवतात, एसटी चुकू नये म्हणून. कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. सगळ्या वेळा पाच मिनिटं मागं सरकवल्या आणि चित्र पालटलं. बोट जवळ येत असतानाच गट वळत होता. दाजी दुसऱ्या दिवशी दिवसभर गप्प होते. त्यानंतर रेकॉर्डर पाण्यात सोडताना आणि काढताना उपग्रहाच्या वेळेवर मी हायड्रोफोनवर नखानं तीन टिचक्या मारायला लागलो. त्या आलेखावर उभ्या रेघा होऊन उमटतात, दोन्ही घड्याळं त्यावरून जुळवता येतात.

आता ती सकाळ सांगतो, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

डिसेंबरचा शेवट, पर्यटकांचे दिवस. सड्याखाली आठ डॉल्फिन होते, त्यात एक आई आणि पिल्लू. पिल्लू आईच्या कुशीला लागून, तिच्याबरोबरच वर यायचं आणि तिच्याबरोबरच बुडायचं. पाणी तेलासारखं होतं. मोकळे विखुरलेले होते सगळे, बहुधा मासे खात होते. मग डॉल्फिन दाखवणाऱ्या दोन बोटी आल्या. माणसं उभी राहून मोबाईल धरत होती. एक बोट डावीकडून, एक उजवीकडून. गट आवळला. सगळे एकमेकांना खेटले आणि पिल्लू मधोमध गेलं. आधी मिनिटाच्या आत श्वासाला येणारे आता दोन-दोन, तीन-तीन मिनिटं वर दिसेनात, आणि वर आले की दिशा बदललेली. बोटी पुन्हा वळायच्या, गिअर टाकायच्या, उसळायच्या. चाळीस मिनिटं हे चाललं. गट खाडीच्या तोंडाची ती जागा सोडून गेला नाही.

नोंदवही माझ्याकडे होती. मी लिहिलं: गट जागेवरच, ठीक. भाचीनं वही बघितली. "जागेवर आहेत एवढंच लिहा मामा. ठीक आहेत, हे आपण बघितलं नाही."

आणि मला आई आठवली. आमचं जुनं घर पापाच्या तिकटीजवळ, विसर्जनाची मिरवणूक दारावरून जाते. मी ट्रकवर असायचो. आई आतल्या खोलीत कानात कापूस घालून, दोन्ही हातांनी पाटा धरल्यासारखी जमिनीला हात लावून बसलेली असायची. फडताळातली भांडी वाजत असायची. रात्रभर. मी पहाटे घरी आलो की ती चहा टाकायची. एका वर्षी मी म्हटलं होतं, त्रास होतो तर मावशीकडे का जात नाहीस दोन दिवस? ती म्हणाली, "जाऊ कुठं? घर हाय हितं." मी ते ऐकून झोपायला गेलो होतो. आई घरातच बसली होती, म्हणून मी बारा वर्षं समजून चाललो की तिला फारसं काही होत नसावं.

सड्यावर मी "ठीक" खोडलं.

त्या रात्री भाचीनं मला कॅनडाच्या किनाऱ्यावरची गोष्ट सांगितली. बे ऑफ फंडीत राइट व्हेल नावाचे दुर्मीळ देवमासे येतात. तिथं संशोधक त्यांची विष्ठा गोळा करून त्यातली ताणाची संप्रेरकं मोजत होते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर जहाजांची वाहतूक अचानक रोडावली आणि पाण्याखालचा आवाज ६ डेसिबलनं उतरला. त्या दिवसांतल्या विष्ठेत ताणाची संप्रेरकंही खाली आलेली निघाली. हे २०१२ साली छापून आलं. ते देवमासे त्याआधीही तिथंच होते, त्यानंतरही तिथंच. बाहेरून बघणाऱ्याला फरक दिसला नसता.

त्या सकाळची ध्वनिफीत मी दुकानात बसून किती वेळा ऐकली असेल. बोटी यायच्या आधी शिळा आहेत, एकीला दुसरी उत्तर दिल्यासारखी. मग बोटींची घरघर चढते आणि शिळा दिसेनाशा होतात. त्या थांबल्या की घरघरीखाली बुडाल्या, हे आलेखावरूनही सांगता येत नाही. मी वेगवेगळे फिल्टर लावून बघितले. दोन ठिकाणी घरघरीच्या मधून एक शीळ वर आलेली सापडली, आधीच्यापेक्षा चढी. गर्दीत आपण मोठ्यानं बोलतो तसं प्राणीही करतात हे ठाऊक आहे, पण दोन शिळांवरून इथं काही म्हणता येत नाही, आणि भाची म्हणूही देत नाही.

शांत समुद्राशी तुलना करायची तर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा ऐकावं, असं मला वाटलं होतं. पण त्या दिवसांत समुद्र स्वतःच गर्जत असतो, पावसाचा प्रत्येक थेंब पाण्याखाली वाजतो, आणि सड्यावरून डॉल्फिन दिसणं शक्य नाही. एक रेकॉर्डर हौसेनं ठेवला, तो पहिल्या वादळात गेला. पाहिजे ती शांतता अशी आयती मिळत नाही. दिवसाकाठी बोटी नसलेला तासाभराचा वेळ शोधून, तोच जोडत जावा लागतो.

फेब्रुवारीत तांडेलकाका सड्यावर आले. त्यांना मी त्यांच्याच होडीचा आवाज ऐकवला. बराच वेळ त्यांनी हेडफोन काढला नाही. "ह्यो माझ्या होडयेचो?" मग म्हणाले, "परत आयकव." तिसऱ्यांदा ऐकून त्यांनी बोट वर केलं. घरघरीत एक फिसफिस होती, फेऱ्याला एकदा येणारी. "पंखो वाकडो झालो हा. तां माका म्हायत हा." खडकाला लागून पंख्याचं एक पातं टोकाला चेचलं होतं.

पंखा काढून पोत्यात गुंडाळला आणि गाडीच्या डिकीतून घाट चढवून कोल्हापूरला आणला. शिवाजी उद्यमनगरात माझ्या ओळखीचा मिस्त्री आहे. त्यानं पातं हातात घेऊन अंगठा फिरवला. टोकाजवळ धातू वाळवी लागल्यासारखा खाल्लेला, बारीक बारीक खड्डे. "हे तर पंपाच्या इम्पेलरगत झालंय की." त्याचं बरोबर होतं. कारण एकच. पातं पाणी कापतं तेव्हा त्याच्या पाठीशी दाब इतका उतरतो की पाणी गारच असतं आणि उकळतं, बुडबुडे होतात, ते मिटताना धातू खातात आणि तोच आवाज. बोटीच्या गोंगाटातला मोठा वाटा या बुडबुड्यांचा, आणि चेचलेलं पातं ते लवकर आणि जास्त करतं. भाचीनं तिथं भट्टीशेजारी उभ्या उभ्या सांगितलं की जहाजं शांत कशी बांधावीत याच्या सूचना आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं २०१४ साली काढल्यात आणि २०२३ साली सुधारल्यात. त्यातही पंख्यावर भर आहे, पण त्या पाळायची सक्ती नाही. मिस्त्री ऐकत होता आणि पात्यावर भर चढवत होता. मग घासून, धारेवर ठेवून, तिन्ही पाती सारखी तोलून दिली. मजुरी घेतली, पण कमी घेतली.

पंखा काढायच्या आधी काकांनी होडी रेकॉर्डरवरून एकाच रेषेत, एकाच वेगानं तीनदा नेली होती. दुरुस्त केलेला पंखा बसवून तशीच तीनदा. हळू वेगाला ती फिसफिस गेली, आलेखावरचा तो पट्टा विरळ झाला. पूर्ण वेगाला मात्र ती परत येते. बुडबुडे तेवढ्या वेगाला होणारच. ते काकांना दाखवलं. त्यांनी दोन्ही आलेख शेजारी धरून बघितले, पंख्याचं विचारलं, वेगाचं विचारलं, डिझेलचं विचारलं. बोलले काहीच नाहीत.

एक होडी, सहा फेऱ्या. भाची याला निष्कर्ष म्हणत नाही, प्रबंधात ते एका परिच्छेदाहून जास्त येणारही नाही. पण पुढच्या सोमवारी गगनबावड्याकडून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरनं फोन केला की स्टँडवर दोन पोती उतरवलीयत, जड आहेत, कुणाला तरी घेऊन या. दोन्हींत पंखे होते.